उरलेली धूळ

"मग ही धूळ उरलीच कशी?" केळुसकरबाईंनी विचारलं.

हेरंबने गणिताची वही अंगणात बसलेल्या बाईंपुढे सरकवली. ताऱ्यांमधल्या धुळीचा अभ्यास त्याने त्यांच्याच हाताखाली केला होता. निवृत्त होऊन बाई सावंतवाडीला आल्या, तरी नवं काम तो आधी त्यांना दाखवायचा. या खेपेला मात्र तो भांडायच्या तयारीनेच आला होता.

"तारा फुटला की धक्क्याची लाट निघते," तो म्हणाला. "ती वायूच्या ढगातून गेली की धूलिकण एकमेकांवर आदळतात. ठिकऱ्या उडतात. काहींचे तर अणूसुद्धा सुटे होतात. म्हातारे तारे जेवढी धूळ सोडतात, त्याहून जास्त या लाटा संपवतात. माझ्या गणितात चूक दाखवा."

"चूक नाही."

"मग?"

"धूळ तर आहे..."

गेल्या वर्षी अपघातात हेरंबची बायको, मैथिली, गेली. तेव्हापासून तो या गणितातून बाहेरच आला नव्हता. बाईंना ते ठाऊक होतं.

"लाट निघून गेली, तिथे तू थांबलास," त्या हळूच म्हणाल्या. "पुढे काय होतं?"

"तुम्हीच शिकवलंत."

"तू सांग."

"वायू निवतो. ढग दाट होतो..." त्याचा आवाज उतरला. "उरल्यासुरल्या कणांवर सुटे अणू येऊन चिकटतात. कण पुन्हा वाढतात."

"मग हे का वगळलंस?"

"कारण पुन्हा वाढलेला कण तो आधीचा नसतो, बाई!"

त्याने वही मिटली.

"ओवीला कोल्हापूरला आजीकडे ठेवलंय," तो म्हणाला. "फोनवर विचारते, बाबा कधी येणार. पण मी गेलो तरी... घर काही पूर्वीसारखं व्हायचं नाही."

"नाही व्हायचं."

त्याने चमकून वर पाहिलं. बाई समजूत घालतील असं त्याला वाटलं होतं.

बाईंनी वाकून अंगणातली चिमूटभर माती उचलली. त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

पृथ्वी अशाच फुटून पुन्हा वाढलेल्या धुळीची झाली, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मिटलेल्या मुठीकडे तो पाहत राहिला. मग त्याचा बांध फुटला.

बाईंनी त्याला मनसोक्त रडू दिलं.

"कोल्हापूरची गाडी दुपारी आहे," त्या म्हणाल्या. "हात धू. जेवून निघ."