येसाक्काची सुई

अक्षरन् अक्षर खरं सांगतो, भैरोबाची आण. माझ्या पणजीनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे पणजी तेव्हा जन्मायची होती, पण पाहिलंय.

फार वर्षांमागे आमच्या बोरघोळ गावात येसाक्का औषध द्यायची. दमेकरी धापा टाकत तिच्या ओसरीवर यायचे आणि घाट चढून घरी जायचे, असं म्हणतात. औषध धोतऱ्याचं, प्रमाण एकट्या तिलाच ठाऊक.

भिवबा न्हाव्याचा दमा तिनंच हटवला. औषधाच्या पाचव्या दिवशी भिवबा पाटलांची दाढी करायला बसला आणि त्यांची अर्धी मिशी उडवून उठला. उरलेली अर्धी हातानं झाकत पाटील थेट येसाक्काच्या दारात. मागून भिवबा, ऊन सोसेना म्हणून डोक्यावर घोंगडी घेतलेला. डोळ्यांच्या बाहुल्या करवंदाएवढ्या, काळ्याभोर.

"आक्का, लांबचा डोंगर दिसतो, हातातला वस्तरा दिसत नाही," तो म्हणाला. "श्वास दिलास, पण पोट कशावर भरू गं आता?"

येसाक्कानं घोंगडी वर करून त्याच्या बाहुल्या पाहिल्या. डोळे दम्यानं गेले की तिच्या औषधानं? भिवबाचं औषध तिनं त्याच घडीला थांबवलं आणि तेच स्वतः घेतलं, धडधाकट असताना. दुसऱ्या दिवशी तिच्याही बाहुल्या पसरल्या. भरदुपारी तिला आभाळात चांदण्या दिसल्या, असं म्हणतात. सुईत दोरा मात्र जाईना. मांडीवर गोधडी घेऊन ती तशीच बसून राहिली. जाणाऱ्या बायका विचारायच्या, "आक्का, आभाळाला टाके घालतेस होय?"

चौथ्या दिवशी दोरा गेला. ती अनवाणीच भिवबाकडे धावली आणि सुई त्याच्या हातात दिली. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा दोरा आरपार.

"औषध माझं चुकलं, भिवबा," ती म्हणाली. "डोळे तुझे शाबूत आहेत."

तेव्हापासून ती रोज आधी सुई ओवायला लावायची, मग औषध. दोरा अडला की औषध बंद.

आजही बोरघोळात दवाखान्यातून कुणी नव्या गोळ्या आणल्या की घरचं माणूस सुईदोरा पुढे करतं. दोरा अडला तर येसाक्काचं नाव घेऊन आधी डॉक्टरांना गाठतात, मगच पुढची गोळी.

आता खरं सांगतो. चांदण्या मी घातल्या. मिशीसुद्धा, पाटलांना मिशी नव्हतीच. सुई मात्र खरी. आई गेल्यावर तिच्या गोळ्यांच्या डब्यात सापडली, पांढरा दोरा ओवलेली.