दवंडीचा जबाब

एका राज्यात माणसं दगड होऊ लागली. कुणी पाणी भरताना, कुणी केस विंचरताना, कुणी दाराला कडी लावताना. गुन्हा काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक हसायचे थांबले, मग बोलायचेही थांबले. न जाणो, शिंकायलासुद्धा मनाई असली तर? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथला ब्रह्मराक्षस खराच होता.

त्या नगरीत तुळजा नावाची कोष्टीण राहत होती. तिचा नवरा विसोबा मागावर बसून शीळ घालत होता. शीळ अर्ध्यावर तुटली. तुळजेनं त्याच्या खांद्याला हात लावला, तर हाताला गार दगड लागला. ती रडत दरबारात गेली.

"महाराज, माझ्या धन्यानं काय केलं?"

"प्रधानजी, उत्तर द्या," राजा म्हणाला.

प्रधान कराळसेन चेटूक जाणणारा होता, आणि हुकूम तोच काढायचा. "त्यानं नवा हुकूम मोडला. वेस, पाणवठा, चावडी, तिन्ही ठिकाणी दवंडी पिटली. तिन्ही ठिकाणी जबाब आला."

राजानं मान खाली घातली. त्या राज्याची रीतच तशी होती. दवंडी पिटली की लोकांनी 'ऐकलं हो ऐकलं' म्हणायचं. तिसरा जबाब आला की हुकूम जागा व्हायचा, आणि जागा झालेला हुकूम राजालाही मोडता येत नसे.

"जबाब दिला कुणी?" तुळजेनं विचारलं.

प्रधान घाईनं खिडकी लावू लागला. बाहेर दूर रानात दवंडीचा डफ वाजत होता. तुळजा त्या आवाजाच्या रोखानं निघाली.

रानात एक उठलेलं, ओस गाव होतं. तिथल्या मोडक्या वेशीत डफ अधांतरी वाजत होता, वाजवणारा कुणी नव्हता. डफच बोलला, "ऐका हो ऐका! नगर सोडून रानात येणारी बाई दगड होईल!"

वेशीवर साळुंकी बसली होती. ती माणसाच्या आवाजात म्हणाली, "ऐकलं हो ऐकलं."

तुळजेनं खाली पाहिलं. हुकूम पुरा जागा व्हायच्या आधीच पायाची बोटं दगडाची झाली होती. भीतीनं तिची दातखीळ बसली.

डफ पुढं चालला. ती पाय ओढत मागं गेली. कोरड्या बारवेवर तोच हुकूम झाला. ती ओरडणार, तोच साळुंकीनं जबाब दिला, आणि दगड गुडघ्यांपर्यंत चढला.

पडक्या चावडीपर्यंत ती कोपरांवर सरपटत पोचली. डफ तिसऱ्यांदा बोलला. साळुंकीनं चोच उघडली, आणि विसोबाचा आवाज आला.

"तुळजे, दगड झालेल्यांचे आवाज माझ्यापाशी आहेत. तू मुकाट परत जा, मी हा जबाब देत नाही. रोज तुझ्या अंगणात येईन, याच आवाजात बोलेन."

तुळजेचं काळीज हललं. त्या आवाजासाठी ती काय वाटेल ते देती. पण घरी जो बसला होता, तो पुन्हा कधी तिच्याकडे वळून पाहणार नव्हता.

"नाही ऐकलं!" ती ओरडली. "गावानं नाही ऐकलं!"

डफ थांबला. 'नाही ऐकलं' असा जबाब आला, तर लोकांच्या दारात जाऊन आजवरची प्रत्येक दवंडी पहिल्यापासून पिटावी लागे. तीही त्याच रीतीची, लोक विसरलेली बाजू होती. तुळजेचे पाय मोकळे झाले, आणि डफ नगराकडे निघाला.

चौकात तो एकेक हुकूम ओरडू लागला. "शीळ घालणारा दगड! ओल्या हातानं कडी लावणारा दगड! डाव्या हातानं केस विंचरणारी दगड!"

लोक जीव मुठीत धरून दाराआडून ऐकत होते. तुळजा एकटीच म्हणाली, "नाही ऐकलं." मग एक म्हातारी म्हणाली. मग अवघी नगरी. कानांवर तर सगळं आलं होतं. पण ऐकलं म्हणजे मानलं, आणि मानायला कुणी तयार नव्हतं.

प्रधान धावत आला. "ऐकलं हो ऐकलं!" तो तीनदा ओरडला.

तीन जबाब झाले. हुकूम जागे झाले, पण ज्यानं ऐकलं त्याच्या एकट्यापुरते. त्याला पळायचं होतं, श्वास घ्यायचा होता. त्याच्याच हुकमांत सगळ्याला मनाई निघाली. चौकात तो उभ्याउभ्या दगड झाला.

साळुंकीनं चोच उघडली, तिच्यातून एकही आवाज निघाला नाही. घरोघरचे दगड हलले, बोलले. तुळजा घरी पोचली तेव्हा विसोबा घाबराघुबरा दारात उभा होता.

"तुळजे, माझं काय चुकलं होतं गं?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून पोटभर रडली.

त्या नगरीवरचं भय जसं टळलं, तसं कथा ऐकणाऱ्यांचं टळो, आणि ज्यांच्या कानी ती गेली नाही, त्यांचंही टळो.