धुरपदा सुईणीचे नाव

एका राज्यात नद्या दुपारी घटकाभर डोळे मिटून पडत, आणि डोंगर संध्याकाळी गावाच्या थोडे जवळ सरकून बसत. त्या राज्याची एक रीत होती. कोणी आपली विद्या दाखवायला उभा राहिला, की आधी कानाची पाळी धरी आणि गुरूचे नाव घेई. रीत मोठी गोड होती. पण पुढे टेकडीवर विद्यामठ झाला, मठाची सोन्याची मुद्रा झाली, आणि मुद्रेवाल्या गुरूंचीच नावे तेवढी खरी ठरू लागली. बाकीच्यांनी काय करावे? गप्प बसावे.

तिथला राजा हेमकेतू. त्याला धुरपदा नावाच्या सुईणीने जगात आणले होते, आणि त्याची लेक मृणाल हिलाही तिनेच. बारशाच्या दिवशी राजा म्हणाला, "धुरपदाई, आजपासून तू राजसुईण. दरबारात तुझे आसन."

मठाचे आचार्य उठले. "गुरू कोण?"

धुरपदेने कानाची पाळी धरली. "पहिली गुरू आमची कपिला गाय. मग गावच्या साऱ्या बाळंतिणी."

दरबार हसला. आचार्य हसले. राजाही हसला, आणि हसता हसता आसनाचे विसरून गेला.

धुरपदा रागावली, आणि रागावण्यासारखेच होते. "गरज सरो नि वैद्य मरो, होय रे राजा? मग ऐक. ज्या गुरूच्या नावाची लाज वाटते, त्याची विद्या तुमच्या हाती टिकायची नाही." एवढे बोलून ती पांढऱ्या नदीपल्याड निघून गेली. हसण्याच्या गलक्यात तिचे शब्द कोणालाच ऐकू आले नाहीत. खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्या भारद्वाज पक्ष्याला तेवढे ऐकू आले.

दुसऱ्या दिवसापासून विपरीत घडू लागले. भाकरी तव्यावरच विरून जाई. कोळ्यांच्या जाळ्याच्या गाठी आपोआप सुटत. गुराखी शीळ घालायला जात, तर नुसती हवा बाहेर येई. आया पाळण्याशी बसून ओठ हलवीत, पण अंगाईला आवाज नव्हता, कारण अंगाई कुठल्याच मठात शिकवीत नाहीत. इतर मुले रडून रडून, दमून झोपत. मृणाल मात्र रडेना आणि झोपेना. डोळ्याला डोळा न लागता ती विरळ होऊ लागली. तिच्या तळहातातून पाळण्याची दोरी दिसू लागली, तेव्हा राजाचे काळीज फाटले.

भारद्वाज उडत पाळण्याशी आला. त्याने एक पंजा कानाशी नेला, काहीतरी पुटपुटला, आणि मग माणसासारखा बोलला, "राजा, सुईणीला शोध. वाट मी दाखवतो."

राजा पक्ष्यामागून एकटाच निघाला. पांढऱ्या नदीवरचे तराफे केव्हाच विरघळले होते. तो पाण्यात उतरला. लहानपणी चांगला पोहणारा, पण आता हातपाय पोहणेच विसरले. राजाच्या तोंडचे पाणी पळाले आणि नदीचे आत शिरले.

"पोहायला कोणी शिकवले?" भारद्वाजाने विचारले.

राजाने आधी काठावर कोणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतले. मग बुडता बुडता कान धरला. "म्हादू गुराख्याने."

नदीने डोळे उघडले आणि त्याला पैलतीरी नेऊन ठेवले.

पुढे अरण्य होते. तिथल्या वाटा वेलींसारख्या झाडांवर चढून बसल्या होत्या. राजाला वाऱ्याच्या वासावरून वाट ओळखता येत असे. आता एकच वास येई, भीतीचा.

"वाट हुंगायला कोणी शिकवले?"

"आजोबांच्या हत्तिणीने. चंपाकळीने," राजा जरा मोठ्याने म्हणाला. वाटा खाली उतरल्या.

डोंगरावरच्या झोपडीपुढे धुरपदा बसली होती. राजा तिच्या पायाशी बसला. "आई, मृणाल विरते आहे."

तिचा राग होता तिथेच राहिला, पण डोळे भरून आले. "झोप माझ्यापाशी नाही, राजा. अंगाई तुला येते. गा."

राजाने तोंड उघडले. आवाज फुटला नाही. त्याला आठवले, आई आजारी असताना कोणीतरी त्याला मांडीवर घेऊन गात असे.

"मी तेव्हा खिडकीत बसत होतो," भारद्वाज म्हणाला. "बोलायला तिथेच शिकलो. रोज नाव घेतो, म्हणून बोलणे टिकले."

राजाने कान धरला. "धुरपदा सुईण." अंगाईची एक ओळ ओठांबाहेर आली आणि थांबली.

"इथे डोंगरात नाव घेऊन काय होतंय?" धुरपदा उठली. "जिथे हसलास, तिथे घे. चल, मीही येते."

दरबार भरला. राजाच्या मांडीवर मृणाल होती, पण मांडीला भार कळत नव्हता. तो तिला घेऊन उभा राहिला आणि त्याने कान धरला. "माझा पहिला गुरू म्हादू गुराखी. दुसरी चंपाकळी हत्तीण."

कोणीतरी खुदकन हसले. राजाचा चेहरा लाल झाला, पण हात कानावरून सुटला नाही. "तिसरी धुरपदा सुईण. मी तिला हसलो होतो."

आणि तो गाऊ लागला. आवाज काही बरा नव्हता, पण होता.

तेवढ्यात वृद्ध आचार्य उठले. आचार्यांनी कान धरला. "मला पहिले अक्षर आईने चुलीच्या राखेत काढून दाखवले. तिचे नाव सोनाई. आजवर मी ते इथे घेतले नव्हते." मग सैनिक, घोड्यांचे मोतद्दार, दासी, राणी, एकामागून एक सारे आपापली नावे घेऊ लागले. राजाच्या हाताला भार कळू लागला. मृणाल जड झाली होती. तिच्या तळहातातून आता काहीच दिसत नव्हते.

राजाने आज्ञा केली, "जो आपले काम त्या कामातल्या जाणत्यांपुढे करून दाखवील आणि गुरूचे नाव घेईल, त्याला मठाचीच मुद्रा मिळेल. गुरू माणूस असो, जनावर असो, नदी असो."

पहिली मुद्रा आचार्यांनी स्वतः धुरपदेच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटीपालटी करून पाहिली. "अन् कपिलेला?"

कपिलेच्या गळ्यातही मुद्रा बांधली गेली. दरबाराने जयजयकारासाठी तोंड उघडले, तर राजसुईण आपल्या आसनावरून म्हणाली, "हळू. पोर निजलीय."

त्या दिवशी जयजयकार कुजबुजत झाला. शाप उतरला, भाकऱ्या फुगल्या, नद्या नेहमीसारख्या दुपारच्या डोळे मिटून पडल्या. ज्याने ही गोष्ट ऐकली, त्याने कानाची पाळी धरावी, आणि जे नाव घ्यायचे राहून गेले असेल ते घ्यावे.