पिंजूच्या टाचा

एकदा एका टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध पशुवैद्य राहत असत. लोक त्यांना वैद्यबुवा म्हणत. त्यांचा आश्रम म्हणजे दोन झोपड्या, एक गोठा आणि अंगणात एक मोठी सपाट शिळा. त्या शिळेवर मांडी घालून बुवा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बसत आणि लंगडा बैल, कान फुटलेले कुत्रे, अंडे अडलेली कोंबडी, जे येईल त्याला तपासत. प्राण्याला बोलता येत नाही म्हणून वैद्याने डोळे दुप्पट उघडे ठेवावेत, असे ते म्हणत.

त्यांच्याजवळ गौतमी नावाची शिष्या सहा वर्षे शिकत होती. हाताने हलकी, स्मरणाने पक्की आणि स्वतःवर जरा जास्तच कठोर. शेवटचा रुग्ण आपल्या धन्यामागे निघून गेला की ती वाटीत तिळाचे तेल कोमट करी आणि बुवांचे घोटे चोळी. त्या घोट्यांवर काळे जाड घट्टे पडले होते. थंडीत ते उलत आणि त्यांतून रक्त येई. तेल लावले की बुवांना बरे वाटे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखे, संध्याकाळी पुन्हा तेल. सहा वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता आणि गौतमीला त्याचा थोडा अभिमानही होता.

जवळच्या नगरात एक व्यापारी होता. घडीव दगडी फरशी हा त्याचा व्यापार. साहजिकच त्याच्या घरातली फरशी अशी घोटलेली, की तीत वाकून पाहिले तर आपली शेंडीही नीट दिसावी. घरात त्याची वृद्ध आई आणि तिचा एक पाळीव ससा होता. ससा पांढराशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखा, म्हणून त्याचे नाव पिंजू. आजीबाईंची नातवंडे दूरदेशी होती. तेव्हा नातवंडांच्या वाटणीची सगळी माया आणि सगळी गूळपोळी पिंजूच्या वाट्याला आली होती. तो आता एवढा गुबगुबीत झाला होता की धावण्याची त्याला आठवणही राहिली नसावी.

एके दिवशी व्यापाऱ्याचा निरोप आला, की पिंजूच्या मागच्या पायांना काहीतरी झाले आहे. बुवांनी प्रथमच गौतमीला एकटीला पाठवले. तिने सशाला अलगद उताणे धरून पाहिले. दोन्ही टाचांवरची लव झडली होती, कातडी लालबुंद होऊन एका ठिकाणी फुटली होती. तिने जखम धुतली, लेप लावला, मऊ पट्टी बांधली आणि आठ दिवस रोज जाऊन सेवा केली. जखम मिटली. आजीबाईंनी तिची अलाबला घेतली आणि ती आनंदाने आश्रमात परतली.

पंधरा दिवसांनी पुन्हा निरोप आला. जखम पुन्हा उघडली होती. गौतमी पुन्हा गेली, लेप बदलला, पट्टी बदलली, जखम पुन्हा मिटली. आणि महिनाभराने तिसरा निरोप आला. या वेळी जखमेत पू होता. पिंजूने गवत सोडले होते आणि तो कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. खाणे सोडलेला ससा फार दिवस काढत नाही, हे गौतमीला ठाऊक होते.

व्यापारी म्हणाला, "बाई, तुमच्या औषधाला गुण येतो, पण तो टिकत नाही."

आजीबाईंनी फक्त पदराने डोळे पुसले, आणि ते गौतमीला त्या बोलण्याहून जास्त लागले.

गौतमी जखम स्वच्छ करून तडक आश्रमात आली आणि बुवांपुढे उभी राहिली. "बुवा, मी उद्या भावाकडे जाते. माझ्या हाताला यश नाही. माझ्यापायी एका म्हातारीचा सोबती जाईल, तो जायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

बुवांनी तिच्याकडे पाहिले. सहा वर्षांत तिचा आवाज असा कापलेला त्यांनी ऐकला नव्हता. ते म्हणाले, "जा हो. पण भावाच्या गावाची वाट नगरावरूनच जाते ना? मग मीही येतो तिथवर. म्हाताऱ्याला सोबत होईल."

दुसऱ्या दिवशी दोघे व्यापाऱ्याच्या दारी पोहोचले. त्या घराची एक जुनी रीत होती. बाहेरून येणारा कुणीही असो, पाय धुतल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. आजीबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी बुवांच्या पायांवर पाणी घातले, गौतमीच्या पायांवर घातले. इतक्यात गड्याने अंगणातले कोवळे ऊन दाखवून आणलेला पिंजू त्यांच्या हाती दिला. आजीबाईंनी त्याचेही चारी पाय एकेक करून प्रेमाने धुतले आणि त्याला आत फरशीवर सोडले. ओल्या पावलांचे ठसे उमटवत तो दोन उड्या कशाबशा मारून आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला.

गौतमीने हे दर खेपेला पाहिले होते आणि दर खेपेला तिला कौतुक वाटले होते. बुवा मात्र त्या ओल्या ठशांकडे बराच वेळ पाहत राहिले.

आत व्यापाऱ्याने पाहुण्यांसाठी जाड गादी अंथरली होती. बुवांनी ती उचलली, ओढत सशाच्या कोपऱ्यात नेली आणि तिच्यावर पिंजूला ठेवले. स्वतः सवयीप्रमाणे उघड्या फरशीवर मांडी ठोकून बसले. व्यापारी आश्चर्याने पाहतच राहिला.

"शेटजी, आता तुम्हीही बसा. गौतमी, तूही. दोघांनी वज्रासनात बसायचं, या उघड्या फरशीवर. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. आणि आई, तुम्ही यांच्या पावलांवर मधून मधून पाणी घालत राहा. पुसायचं मात्र नाही हं."

"बुवा, आजारी ससा आहे!" व्यापारी म्हणाला.

"म्हणून तर तुम्हांला बसवतोय."

बुवांचा शब्द मोडण्याची त्या पंचक्रोशीत रीत नव्हती. व्यापारी बसला. गौतमी बसली. आजीबाईंनी संकोचत पाणी घातले. थोडा वेळ बरा गेला. मग व्यापाऱ्याने डावीकडचा भार उजवीकडे घेतला, उजवीकडचा पुन्हा डावीकडे. ओली कातडी फरशीवर घासू लागली. आपली फरशी इतकी कठीण आहे, हे गिऱ्हाइकांना तो अभिमानाने सांगत आला होता. स्वतःच्या हाडांनी त्याची खात्री करून घेण्याची वेळ त्याच्यावर आज प्रथमच आली होती. घटकाभरात त्याच्या कपाळावर घाम आला.

"पुरे की आता, बुवा! पायांची सालं निघतील माझ्या."

"उठा," बुवा म्हणाले. "तुम्ही एक घटका बसलात. पिंजू वर्षभर बसलाय."

गौतमी उठली. तिच्या पावलांच्या वरच्या बाजूची कातडी भिजून सुरकुतली होती आणि जिथे हाड टेकत होते तिथे लाल चट्टा उमटला होता. अगदी तसाच चट्टा तिने पहिल्या दिवशी पिंजूच्या टाचेवर पाहिला होता. तिने फरशीकडे पाहिले, आजीबाईंच्या हातातल्या तांब्याकडे पाहिले आणि तिला रडू आले. "बुवा, मी तीनदा जखम धुतली. आणि तीनदा त्याला उचलून पुन्हा इथेच ठेवलं."

"हो," बुवा म्हणाले. त्यांनी तिचे सांत्वन केले नाही आणि रागही केला नाही. "कुत्र्यामांजराच्या तळव्याला गादी असते. सशाला ती नसते. दाट लव हीच त्याची वहाण. मातीत, गवतात त्याची नखं रुततात आणि भार बोटांवर राहतो. या फरशीत नख कुठलं रुतायला? बोटं वर उचलली जातात, सगळा भार टाचेवर येतो. त्यात नखं वाढलेली आणि गूळपोळीने देह वाढलेला. वर ती लव रोज भिजते आणि ओलीच घासते. पोरी, तुझा लेप चांगलाच होता. तो रोज घटकाभर काम करी आणि ही जमीन आठ प्रहर. मग जिंकणार कोण?"

आजीबाईंचा तांब्या खाली टेकला. "म्हणजे मीच त्याला..."

"नाही आई," बुवा घाईने म्हणाले. "तुमची रीत उत्तमच आहे. पण वहाण दारात काढून येणाऱ्यासाठी आहे ती. याला बिचाऱ्याला वहाण काढता येत नाही. तुम्ही त्याला रोज ओली वहाण घालून घरात फिरवत होतात, इतकंच. मायेने केलंत. आता तीच माया कोरड्या फडक्याने करा. पाय मळलेच तर नुसते पुसायचे."

मग काम सुरू झाले. गौतमीने जखम कोमट औषधी पाण्याने धुतली, टिपून टिपून पूर्ण कोरडी केली आणि वर सैलशी पट्टी बांधली. उरलेली लव मात्र एकही केस न कापता जपली. नखे बेताने छाटली. गूळपोळी बंद झाली आणि वाळल्या गवताचा भारा आला. आणि मग बुवांनी घरातल्या जुन्या गोधड्या मागवून त्या आरशासारख्या फरशीवर अंथरायला लावल्या, त्यांच्यावर गवताचा मऊ थर पसरवला. ओल्या झाल्या की लगेच बदलायच्या, असेही बजावले.

व्यापाऱ्याला हे पाहवेना. त्याची अर्धी फरशी दिसेनाशी झाली होती. तो म्हणाला, "बुवा, रोग हल्याला आणि औषध पखालीला हे ऐकलं होतं. इथे तर रोग सशाला आणि औषध फरशीला!"

बुवा मनापासून हसले. "शेटजी, आजवर उलटं चाललं होतं. रोग फरशीत होता आणि औषध आम्ही सशाला देत होतो."

गौतमी त्या दिवशी भावाकडे गेली नाही. पिंजूला सोडून जाववलेच नाही तिला. ती आजीबाईंकडेच राहिली. तिसऱ्या दिवशी पिंजूने गवताची एक काडी तोंडात धरली आणि कुरतडत आत ओढली, तेव्हा दोघी बायका त्याच्याकडे पाहत लहान मुलींसारख्या हसल्या. नवव्या दिवशी पू थांबला. दीड महिन्याने पट्टी सुटली. टाचांवर बारीक नवी लव आली होती. मधोमध एक गुलाबी टक्कल मात्र राहिले, ते बहुधा जन्मभर राहील. पण ते कोरडे होते, दुखत नव्हते आणि पिंजू गोधडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या मारत होता. उंबरठ्यापाशी तांब्याशेजारी आता एक कोरडे फडके टांगलेले असे. आणि एका दुपारी व्यापारी स्वतःच सशाच्या गोधडीवर लवंडून घोरताना सापडला. आईने विचारले तेव्हा म्हणाला, "फरशी गार लागते गं हल्ली."

गौतमी आश्रमात परतली तेव्हा दिवस कलला होता. शेवटची गाय घरी निघाली होती आणि बुवा शिळेवर बसले होते. तिने पिंजूची सगळी हकीकत सांगितली. बोलता बोलता सवयीने चूल पेटवली, वाटीत तेल कोमट केले आणि बुवांचा पाय हातात घेतला.

घट्टा नेहमीसारखाच होता. काळा, जाड, कडेला उललेला. तिने बोट तेलात बुडवले आणि ते तसेच थांबले. तिने घोट्याकडे पाहिले. मग घोट्याखालच्या शिळेकडे पाहिले. जिथे तो घोटा रोज टेकत असे, तिथे दगडाला बारीकशी झिलई आली होती.

वाटी खाली ठेवून ती झोपडीत गेली आणि आपल्या अंथरुणातली गोधडी घेऊन आली. तिची चौपदरी घडी केली.

"बुवा, उठा."

"हे काय मांडलंस?"

"उठा म्हणते ना. लोका सांगे ब्रह्मज्ञान..."

पुढचे शब्द तिने आदरापोटी गिळले. पण बुवांची नजर आपण बसलो होतो त्या दगडावर गेली आणि उरलेली म्हण त्यांना न ऐकताच कळली. ते उठले, शिळेवरची ती झिलई बोटाने चाचपून पाहिली आणि लहान मुलासारखे खजील झाले.

"चाळीस वर्षं बसतोय गं मी इथे."

"आणि सहा वर्षं मी तेल लावतेय," गौतमी म्हणाली. तिचा आवाज पुन्हा कापला, पण या वेळी हसण्याने.

तिने गोधडी अंथरली. बुवा तिच्यावर बसले, जरा सावरले, पुन्हा बसले, आणि डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास सोडला. मग म्हणाले, "एकटीला पाठवलं ते चुकलं नाही माझं. उद्यापासून नगराकडचे रुग्ण तुझे. पण तू भावाकडे जाणार होतीस ना?"

"जाणार आहे की. भाऊबीजेला. चार दिवस."

वाटीतले थोडे तेल घोट्यांना लागले आणि उरलेले तिने दिव्यात ओतले.

आपणही कुठल्या ना कुठल्या दुखण्याला रोज निष्ठेने तेल लावत असतो. एखाद्या दिवशी वाटी बाजूला ठेवून, आपण बसतो कशावर तेही पाहावे.