शोकाईच्या टेकडीवर कानस का नेत नाहीत

शोकाईच्या टेकडीची खरी गोष्ट या पंचक्रोशीत माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे मलाही निम्मीच ठाऊक आहे. उरलेली निम्मी सांगता सांगता जमली, आणि आता कुठली निम्मी कुठली ते माझं मलाच कळत नाही. शिक्षण म्हणाल तर चौथी. चौथीतून मी सुटलो नाही, मास्तर सुटले. त्यांची बदली झाली.

तेव्हा आधी पाणी प्या. पाणी घेऊन आली ती वैजयंती, आमची मंडळी. नाव झकास आहे ना? मीच ठेवलं. आता हातातला तांब्या जरा फिरवून बघा. गळ्याशी लिहिलंय, 'रखमाजी सोनू, आंबेघर'. हा रखमाजी आमचा कोणी लागत नाही. तांब्या मोडीतून घेतला, नाव त्याच्याबरोबर आलं. आमच्या या कातळवेढा गावात जुनं भांडं घेतलं तर वरचं नाव खरवडायचं नाही, अशी रीत आहे. आणि ही रीत त्या समोरच्या टेकडीवरून खाली आली.

टेकडीच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला दगड दिसतो तो हिरोबा. सुतार असो, लोहार असो, नाहीतर तुमच्यासारखा नखं घासायची नाजूक कानस पिशवीत बाळगणारा शहरी माणूस असो, कानस हिरोबापाशी ठेवायची आणि मगच वर चढायचं. वर देवळात मूर्ती नाही. लाकडी पेटी आहे. पुढे एकच काचेचा डोळा, डोक्यावर काळं फडकं, पोटावर पितळी पट्टी आणि पट्टीवर मुंगळ्यांनी कवायत करावी तशी अक्षरं. गुरव फडकं उचलतो तेव्हा श्वास रोखून, न हलता उभं राहायचं. तो 'हं' म्हणाला की सोडायचा. जो हलला तो देवीला नीट दिसत नाही, असं मानतात. आमचे सरपंच निवडून आल्यापासून एकदाही देवीला नीट दिसलेले नाहीत.

असं सांगतात की आमच्या पणज्याच्या काळी जपानातल्या एका बंदरात तोगावा नावाचा माणूस कागदी छत्र्या विकायचा. बंदरात विलायती व्यापारी उतरत, त्यांच्याजवळ फोटो काढायच्या पेट्या असत. तोगावाला त्या पेटीनं याड लावलं. छत्र्या गुंडाळून त्यानं पेट्या विकायची पेढी काढली. आणि विलायतवाले त्याला माल कसला देत? भिंग तडकलेलं, लाकूड ओल धरलेलं. जाब विचारायला गेला की हसून म्हणत, तुम्ही पेटीसमोर बसावं, पेटी बनवणं हे तुमचं काम नव्हे. बघा म्हणजे! तोगावा माझा मेव्हणा नव्हे की साडू नव्हे, तरी हे सांगताना माझी कानशिलं तापतात.

तोगावानं तिथंच नेम केला, म्हणे. पेटी मी बनवीन. तिच्यावर नाव माझ्या पेढीचंच राहील. आणि त्या नावानिशी एक तरी पेटी परमुलखात विकली जाईपर्यंत मी स्वतः पेटीसमोर बसणार नाही.

पेटी बनली, उत्तम बनली. पण परमुलखात नाव वाचूनच लोक पाठ फिरवत. फोटोच्या पेट्या बनवणाऱ्या तोगावाचे केस पिकले, दात पडले, आणि त्याचा स्वतःचा एक फोटो नाही. शेवटी त्यानं हिराओका नावाचा आपला भरवशाचा माणूस पेट्या देऊन हिंदुस्थानात धाडला. म्हातारा डोळे मिटायच्या आत एक पेटी खपवायची, एवढंच त्याच्यावर होतं.

फिरत फिरत हिराओका पेठेतल्या नरहरशेट फोटोवाल्याकडे आला. नरहरशेटला आमच्या देशमुखांचा फोटो काढायचा होता, तो म्हणाला, चल, तुझी पेटी पारखू. टेकडीवर सगळं घराणं उभं केलं. हिराओकानं हातवारे करून श्वास रोखायला लावला. फोटो असा उतरला की देशमुखांच्या मिशीचा केसन् केस मोजून घ्यावा. देशमुखीणबाई म्हणाल्या, एवढं खरं नको होतं.

नरहरशेट खूश. म्हणाला, "गाडीभर पेट्या घेतो. फक्त ही पट्टी खरवडू आणि वर विलायती नाव ठोकू. जपानी नावाला कोण विचारतंय?"

हिराओका पेटीचं भिंग पुसत राहिला. नरहरशेटला वाटलं, कबूल आहे. त्यानं खाली लोहाराकडे कानस मागायला माणूस पाठवला. लोहाराची बायको कोंडाबाई आपलं हत्यार परक्याच्या हाती द्यायची नाही, ती स्वतःच कानस घेऊन वर आली. काय घासायचंय, विचारलं. शेटनं पट्टी दाखवली. तशी हिराओकानं दोन्ही हात पट्टीवर दाबून धरले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "नाम नहीं. शोकाई. तोगावा शोकाई."

आता शोकाई म्हणजे त्यांच्या भाषेत व्यापारी पेढी. हे आम्हाला अलीकडे कळलं. जवळच्या कारखान्यातला एक जपानी साहेब देवळात आला, पट्टी वाचली आणि चपला घालायच्या विसरून पायरीवर बसून राहिला, तेव्हा. पण कोंडाबाईला कुठली पेढी? तिच्या कानाला मरीआई ठाऊक, तुकाई, यमाई, जोगाई ठाऊक. तिला ऐकू आली ती शोकाई.

"आई का रं तुझी?" तिनं विचारलं.

त्यातलं 'आई' शोकाईच्या शेवटासारखं वाटून हिराओकानं जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

मग कोंडाबाई जी भडकली! "पोराच्या देखत त्याच्या आईचं नाव घासायचं? आणि तेही माझ्या कानशीनं? शेट, तुमच्या आईचं नाव काय हो? आणा, आधी ते घासू, मग ह्याचं बघू."

खालून बायका धावल्या. नरहरशेट पगडी टाकून उतरला, तो पेठेतच थांबला. कोंडाबाईनं कानस खाली भिरकावली आणि शपथ घातली की पुन्हा कानस ही टेकडी चढणार नाही. कानस पडली तिथं हिरोबा. हिराओका म्हणायला कोणाची जीभ वळते?

आणि आई परक्याच्या दारात कशी ठेवायची, म्हणून घरोघरची ज्वारी गोळा करून बायकांनी ती पेटी नावासकट विकत घेतली. चालवायची कशी ते एकीलाही ठाऊक नव्हतं. म्हणून शेंदूर लावला.

काही महिन्यांनी टपालानं एक फोटो आला. म्हातारा खुर्चीत ताठ बसलाय, मांडीवर कागदी छत्री. तो देवीचा बाप समजून लोक त्याला नारळ फोडतात. त्याचा एक हात फोटोत पुसट आलाय. गुरव म्हणतो आशीर्वाद देतोय. मी म्हणतो, म्हातारा डोळे पुसायला गेला आणि हलला.

हे सगळं ठाऊक असून आमच्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष उद्धवराव काय म्हणतात? पेढीचं नाव देवीला शोभत नाही. शोकाई हे मूळचं शोकहारिणी! कमानीवर तशी पाटीही चढली. आता पितळी पट्टी घासून तिथं नवं नाव कोरायचं आहे. कानस चालत नाही, तर ग्राइंडर बोलावलाय. ग्राइंडर म्हणजे कानस नव्हे, असा कमिटीत ठराव झाला, हात वर करून! नरहरशेट निदान पगडी टाकून पळाला. हे तर फेटे बांधून येणार आहेत. येऊ देत. मी पेटीला मिठी मारून बसणार. घासा म्हणावं आधी माझं टक्कल.

आजही हिरोबापाशी कानस ठेवूनच माणूस टेकडी चढतो. आजही देवीपुढे श्वास रोखतात. आणि आजही, छातीवर हात ठेवून सांगतो पाहुणे, या कातळवेढ्यात कोणी कोणाचं नाव खरवडत नाही.

रिकामा तांब्या उचलायला वैजयंती आली होती. ती तुमच्याकडे बघून हसली आणि माझ्याकडे वळली.

"अहो, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं वैजयंती लिहिलंत, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माहेरी मला काय म्हणून हाक मारत होते, तेवढं सांगा की पाहुण्यांना."