मुक्कामरावांची नोकरी

त्या राज्यात शब्दांनाही घरे होती आणि सकाळ झाली की प्रत्येक शब्दाला कामावर जावे लागे. कोणी बाजारात जाई, कोणी देवळात, कोणी भांडणात. मुक्काम नावाच्या वयस्क शब्दाचे काम त्यातल्या त्यात सुखाचे होते. पाहुण्यांबरोबर जायचे, दोन दिवस राहायचे, पोटभर गप्पा मारायच्या आणि यजमानांना चुटपुट लागेल अशा बेताने निघायचे. हे शेवटचे तर त्याला फारच छान जमे.

पुढे त्याला वार्ताघरात नोकरी लागली. तिथला मथळ्यांचा मुकादम ठळक. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. “मुक्कामराव, तुम्ही भारदस्त दिसता आणि जागाही कमी घेता,” तो म्हणाला. मुक्काम विरघळला. विरघळायचे वय नव्हते, पण विरघळला.

पहिल्या दिवशी त्याला पावसाबरोबर धाडले. दिवाळी उलटली तरी तो पाऊस हलत नव्हता. मग उसात शिरलेल्या बिबट्याबरोबर, मग घरोघरी पसरलेल्या तापाबरोबर. जो जो नकोसा होऊन बसला, त्याच्या शेजारी मुक्काम उभा. शेवटी त्याची कायमची नेमणूक झाली ती सरकारी बंगल्यातल्या साहेबांकडे. साहेबांची मुदत चैत्रातच संपली होती, पण बंगला काही सुटत नव्हता. दर सोमवारी ठळक गरजे, ‘साहेबांचा मुक्काम वाढला.’ वाचणाऱ्याला वाटे, पाहुणेच आहेत बिचारे, राहतील अजून चार दिवस. साहेबांनाही तसेच वाटू लागले होते. ते मुक्कामाला सोफ्यावर अगदी शेजारी बसवून घेत.

मार्गशीर्षात मुक्काम सुट्टी काढून ओसरीकडे गेला. ओसरी हा जुन्या वळणाचा, प्रेमळ शब्द. वर्षातून एकदा तिच्याकडे जायचे हा त्याचा नेम. त्या राज्यात पाहुण्याला तोंडाने कोणी ‘निघा’ म्हणत नसे. वेळ झाली की घरची बाई त्याच्या वहाणा उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवी. मुक्काम पाय धुऊन वळला, तर वहाणा रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या. अजून तो पाणीसुद्धा प्यायला नव्हता.

“ओसरीबाई, मी आत्ताच आलोय.”

“हो ना,” ओसरी म्हणाली. तिलाही वाईट वाटत होते. “पण हल्ली तुमच्याबरोबर जे येतं ते जात नाही. घरात लेकरंबाळं आहेत, मुक्कामराव.”

परतताना त्याला रडू आले. जन्मभर तो कोणाला नकोसा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो ठळकासमोर उभा राहिला. “मी यापुढे साहेबांकडे जाणार नाही.”

“मग तुमच्या जागी लिहू काय?”

“जे आहे ते.”

“त्याला जागा फार लागते हो.”

“लागू दे,” मुक्काम म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला.

ठळकाने धावाधाव केली. पण वास्तव्य अंथरुणाला खिळला होता आणि विश्रामाने बंगल्याचे नाव ऐकताच कानांवर हात ठेवले. शेवटी दारात रिकामे बसलेले साधेसुधे शब्दच कामाला लावावे लागले. सोमवारी छापून आले, ‘मुदत संपली. साहेब गेले नाहीत.’

साहेबांनी चहा घेता घेता ते वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. “हे कोणाबद्दल आहे?” त्यांनी शिपायाला विचारले. शिपायाने चहाचा कप उचलून नेला. त्या दिवसापासून येणारेजाणारे बंगल्याच्या फाटकापाशी थांबून आत बघू लागले. आठव्या दिवशी टेम्पो आला. चौघांनी सोफा उचलला, तेव्हा त्याखालची फरशी नवीकोरी निघाली.

ही बातमी कानावर आल्यावर मुक्काम पुन्हा ओसरीकडे गेला आणि अंगणातच थांबला. ओसरीने आधी त्याच्या पाठीमागे पाहिले. मागे कोणी नव्हते.

“किती दिवस आहात?”

“उद्या निघेन म्हणतो.”

“एवढ्यात?” ओसरी म्हणाली आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन तिने ती त्याचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवून दिली.