सगुणाने पाणी दिलं

"निवाडा झालाय, पाणी दिलं गेलंय... मग आता पुन्हा विचारणा कशाला, बुवा?"

देवनाथचा आवाज चढला होता. तालुक्याला वकिलीची तीन वर्षं करून तो परतला होता, आणि हे गावाने विसरू नये याची काळजी तो स्वतःच घ्यायचा.

जैतूबुवा ओट्यावर दोर वळत होते. या डोंगरातले तंटे चाळीस वर्षं त्यांच्यापुढेच मिटत आलेले. जंगलातल्या बंदूकवाल्यांनी चौकी जाळल्यापासून इथे पोलीस नव्हता. कोर्ट दोन दिवसांच्या वाटेवर, आणि वाटेवर तेच बंदूकवाले. बुवांना आता कमी दिसायचं, म्हणून ही पहिली बैठक देवनाथने चालवली होती.

"काय ठरलं, सांग."

"झऱ्याखालचं शेत केरबाचं. त्याची विधवा भावजय सगुणा, तिला वर्षाला चार पोती भात. एका बैठकीत मिटवलं. तुम्हाला तीन लागल्या असत्या."

"पाच," बुवा म्हणाले. "शेत कसतं कोण?"

"नवरा गेल्यापासून तीच. पण उद्या केरबा नांगर घालतोय."

"आणि ती कबूल?"

"कबूल म्हणजे? सगळ्या पंचांना स्वतःच्या हाताने पाणी दिलं तिने!"

आमच्याकडे रीत आहे. निवाडा ज्याच्या विरुद्ध जाईल त्याने उठून पंचांना पाणी द्यायचं. दिलं की मान्य. नाही दिलं तर बैठक पुन्हा.

"बैठक कुठे भरली?"

"केरबाच्या अंगणात. सगुणावहिनी तिथेच राहते."

"पंच आले तेव्हा पाणी कोणी दिलं?"

"...तिनेच."

"मधे चहा?"

"तिनेच."

"आणि ती बोलली काय?"

देवनाथ आठवू लागला. तिचा एकही शब्द आठवेना.

बुवा दोर टाकून उठले.

केरबाच्या अंगणात दोघे पोचले, तशी सगुणा सवयीने तांब्या घेऊन बाहेर आली. बुवांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"बस."

"पाणी..."

"केरबा देईल."

"मी?" केरबा खेकसला. "अहो, मी जिंकलोय!"

सगुणा बसली. रिकाम्या हातांचं काय करावं, ते तिला कळेना. तिने ते मांडीवर ठेवले.

"आता बोल," बुवा म्हणाले.

"शेत मी सोडणार नाही." आवाज बारीक होता. मग तितकाही बारीक राहिला नाही. "नांगर घातला तर मी नांगरापुढे झोपेन."

केरबाने पायात वहाणा सरकवल्या.

"पंचांचा निवाडा मोडता काय? ठीक आहे. बंदूकवाले एका घटकेत मिटवतात. चाललो त्यांच्याकडे."

तो फाटकापर्यंत गेलासुद्धा.

देवनाथ बुवांकडे वळला. "बुवा, थांबवा त्याला! एका शेतापायी गाव पेटेल. तिला समजावा... चाराची सहा पोती करू."

बुवांनी फाटकाकडे पाहिलंच नाही. ते सगुणाशेजारी, मातीतच, मांडी घालून बसले.

"त्याला ठोठावायला दुसरं दार आहे, देवनाथ. हिला आपलं एकच. जा, पंचांना बोलाव."